सहाव्या वर्षाची दाढ

स्मरणिकेसाठी शाळेच्या वाटचालीचा इतिहास लिहावा, असे संपादक मंडळाने मला सुचविले होते. मी इतिहासाची शिक्षिका असल्याने ही अपेक्षा वावगी नव्हती. परंतु पायाभरणी, पहिली तुकडी, पत्र्याच्या शेडपासून आजच्या इमारतीपर्यंतचा प्रवास यांवर माझ्याहून ज्येष्ठ सहकारी लिहीत आहेत. त्यांची अनुमती घेऊन मी एका दाढेचा इतिहास लिहिते. ती दाढ आज अस्तित्वात नाही. ती आपल्या वसतिगृहातील एका मुलाची होती, आणि ती गेली यात काही अंशी माझाही दोष होता, असे मला अजून वाटते. त्याचे नाव लिहीत नाही. तो आता मोठा झाला आहे आणि ही स्मरणिका त्याच्याही हाती पडणार आहे.

२०१९ च्या जानेवारीत शाळेत दंततपासणीचे शिबिर झाले. संयोजनाचे काम माझ्याकडे होते. सभागृहातील सतरंज्या गुंडाळून खिडक्यांपाशी खुर्च्या मांडल्या होत्या. एका दिवसात सगळ्या वसतिगृहाची तोंडे पाहून व्हायची होती. पाचवीतल्या या मुलाच्या खालच्या उजव्या दाढेत काळा खड्डा निघाला. डॉक्टरांनी मला जवळ बोलावले, छोट्या आरशात तो खड्डा दाखविला आणि म्हणाले, “मॅडम, ही दुधाची नव्हे. ही सहाव्या वर्षी येते. दुधाचा एकही दात न पडता मागच्या बाजूने गुपचूप उगवते, म्हणून आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. ही गेली की परत यायची नाही.”

मुलाची आई त्या दिवशी आली होती. ती दिवेआगरच्या आमच्या बौद्धवाडीतली. हंगामात सुपारी सोलण्याच्या कामाला जाणारी. ती म्हणाली, “काढूनच टाका, बाई. पुन्हा दुखायचं नाव नको.” मी तिला बाजूला घेऊन समजाविले. दात काढणे म्हणजे उपचार नव्हे, आता दाताच्याच रंगाचे सिमेंट भरतात, दुखत नाही, जन्मभर टिकते, असे मी तिला सांगितले. ‘जन्मभर’ हा शब्द डॉक्टरांचा नव्हता. तो माझा होता. ती कबूल झाली. डॉक्टरांनी खड्डा कोरला, पांढरा लगदा भरला आणि त्यावर निळा प्रकाश धरला. मुलगा डोळे तिरके करून त्या प्रकाशाकडे पाहत होता. काही मिनिटांत तो खुर्चीतून उतरला आणि दुसरा चढला.

मी एवढ्या आग्रहाने का बोलले, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आमच्या घरात दात भरलेला माणूस माझ्या आधी नव्हता. दात दुखला की लवंग, मग मिठाचे पाणी, आणि शेवटी काढणे, एवढेच उपचार ठाऊक होते. आजोबांनी स्वतःची दाढ गळाच्या दोरीने ओढून काढल्याचे वडील सांगत. त्या काळी गावात दात काढून देणारी माणसे नव्हती असे नाही. परंतु जेथे न्हावी आमच्या डोक्याला हात लावीत नसे, तेथे आमच्या तोंडात बोट कोण घालणार? अस्पृश्यतेच्या इतिहासात पाणवठा आणि देऊळ यांची नोंद आहे. तोंडाची नोंद फारशी कोणी केलेली नाही. आई मशेरी लावायची. पन्नाशीतच तिचे बहुतेक दात गेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाड्यांतली रोठा सुपारी सोलणारी ही बाई स्वतः मात्र लहानशा लोखंडी खलात पान-सुपारी कुटून खात असे. त्या खलाचा आवाज माझ्या कानांत आहे. म्हणून हातमोजे घातलेला एक डॉक्टर आमच्या वाडीतल्या मुलाच्या तोंडात वाकून ती दाढ वाचवू पाहत होता, तेव्हा मला गहिवरून आले होते. गहिवरलेल्या माणसाने आश्वासने देऊ नयेत, हे तेव्हा सुचले नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि मुले घरी गेली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले. त्या दुपारचे वर्णन येथे करीत नाही. आपल्यापैकी अनेकांनी ती अनुभवली आहे. पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, नारळ मुळांसकट आडवे झाले, छपरे उडाली, आणि वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. त्याच काळात एका सकाळी हा मुलगा आईबरोबर माझ्या दारात उभा राहिला. उजवा गाल सुजून डोळ्याखालपर्यंत आला होता. तोंड उघडायला लावून विजेरीच्या उजेडात पाहिले. सिमेंटचा एक तुकडा अजून दाढेत होता, पण त्याच्या कडेने काळी रेघ गेली होती आणि एका बाजूची भिंत तुटली होती. रस्त्यांवर झाडे पडलेली, दवाखाने महामारीमुळे बहुधा बंद. तालुक्याच्या गावी पोहोचायला चार दिवस गेले. तेथे दाढ काढावी लागली.

परत येताना त्याची आई एवढेच म्हणाली, “बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून भरली होती.” तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आले असते.

पुढे दीड वर्ष मी हा विषय मनातून काढू शकले नाही. भरणारा डॉक्टर निष्काळजी होता, असे प्रथम वाटले. मग वाटले, शिबिरात हलके सामान वापरले असेल. दोन्ही तर्कांना पुरावा नव्हता. २०२१ च्या दिवाळीत आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी घरी आली. ती पुण्यात पॉलिमर रसायनशास्त्रात संशोधन करते. पॉलिमर म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातले बहुवारिक. तिला मी सारे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “बाई, घरात गोटा आहे का?”

माळ्यावर वर्षभर राहिलेले काही नारळ होते. तिने एक उचलून माझ्या कानाशी हलविला. आतले खोबरे खुळखुळले. “ओल्या नारळात खोबरं करवंटीला चिकटलेलं असतं. वाळलं की आकसतं आणि करवंटी सोडतं. आता समजा, त्याला करवंटी सोडताच येत नाही, इतकं घट्ट चिकटवलंय. मग काय होईल?”

“करवंटी तडकेल,” मी म्हणाले.

“तुमच्या दाढेत दोन्ही झालं असेल. एका बाजूनं सुटलं, दुसऱ्या बाजूनं ओढ बसली.”

दातात भरला जाणारा तो पांढरा लगदा कठीण होताना आकसतो, ही गोष्ट मी त्या दिवशी प्रथम ऐकली. नारळातून पाणी उडून जाते. लगद्यातून काहीच जात नाही, तरीही तो आकसतो. कारण असे की त्यातील सुटे रेणू एकमेकांपासून काही अंतर राखून असतात. प्रकाश पडला की ते एकमेकांशी बंध जोडून लांब साखळ्या करतात, आणि बंध जुळताना दोन रेणूंमधील अंतर निम्म्याहूनही कमी होते. असे लक्षावधी हात एकदम जुळले की सगळे वस्तुमान आत ओढले जाते. आजच्या भरण-द्रव्यांत हे आकसणे आकारमानाच्या साधारण दोन ते तीन टक्के असते. ऐकायला हे फार नाही. पण तिने कागदावर हिशेब मांडला. आकारमानात तीन टक्के म्हणजे लांबीत साधारण एक टक्का. चार मिलिमीटर रुंद खड्ड्यात तो मिलिमीटरचा पंचविसावा भाग होतो. दात किडविणारा जीवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. सगळी फट एकाच बाजूला पडली, तर चाळीसहून अधिक जीवाणू खांद्याला खांदा लावून आत शिरतील. चांगला चिकटवणारा थर ही फट पडू देत नाही, पण मग सगळा ताण दाताच्या भिंतींवर येतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला एखाद्या दोषाची वंशावळ शोधल्यावाचून चैन पडत नाही. आकसण्याची ही तक्रार नवी नाही, हे मला वाचताना कळले. १८२६ च्या सुमारास पॅरिसमध्ये तावो नावाच्या दंतवैद्याने चांदी आणि पारा यांचा लगदा दातात भरायला आरंभ केला. पुढे तीच ‘चांदी भरणे’ जगभर पसरली. पण तेव्हाची चांदी कधी फुगत असे, कधी आकसत असे. फुगली तर दात दुखे, आकसली तर कडेने गळे. अमेरिकेतील ग्रीन वर्दीमन ब्लॅक यांनी १८९५ च्या सुमारास मिश्रणे करून, सूक्ष्ममापकाने मोजून, चांदी, कथील आणि थोडे तांबे यांचे असे प्रमाण बसविले की ना फुगणे राहिले, ना आकसणे. या मनुष्याविषयी मला फार आदर वाटला. त्याने वाद घातला नाही, मोजले.

पांढऱ्या द्रव्याची कथा मात्र वेगळ्या वळणाने गेली. १९४० च्या दशकात ॲक्रिलिकचा वापर सुरू झाला. त्याचे मूळ द्रव्य मिथाइल मेथाक्रिलेट एकटेच कठीण केले तर सुमारे एकवीस टक्के आकसते. म्हणून त्यात आधीच कठीण झालेली भुकटी मिसळीत. तरीही ते दातापासून सुटे. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाखविले की दाताचे कवच फॉस्फोरिक आम्लाने क्षणभर खरबरीत केले, तर ॲक्रिलिक त्याला घट्ट धरते. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत असे आम्ल लावीत; त्यावरून त्यांना हे सुचले. मग राफेल बोवेन यांनी मोठ्या रेणूचे एक राळेसारखे द्रव्य तयार केले आणि १९६२ मध्ये त्याचे पेटंट त्यांना मिळाले. रेणू मोठा असल्यामुळे तेवढ्याच जागेत जुळणारे हात कमी आणि आकसणेही कमी. त्यात त्यांनी काचेसारखी सिलिकाची बारीक पूड मिसळली. पूड आकसत नाही. तिने जेवढी जागा व्यापली, तेवढे आकसणे टळले. आज या पांढऱ्या लगद्यात वजनाने तीन-चतुर्थांश पूडच असते.

हे वाचताना मला आमचे कुडाचे घर आठवले. कुडाला लिंपायच्या मातीत आजी भाताचे तूस मळायची. नुसत्या मातीच्या भिंतीला वाळताना भेगा पडतात. तूस घातले की पडत नाहीत, किंवा बारीक पडतात. बोवेन यांना पेटंट मिळाले. आजीला कोणी विचारले नाही, पण तत्त्व फारसे निराळे नव्हते.

आणखी एक गोष्ट वाचून मला हसू आले. निळा प्रकाश पडताच लगदा कठीण व्हावा म्हणून त्यात एक पिवळसर पदार्थ किंचित प्रमाणात घालतात. तो कापरापासून तयार होतो. आमच्या घरातून १९५६ नंतर आरतीबरोबर कापूरही गेला. तो दाढेच्या वाटेने परत येईल, असे आजोबांना स्वप्नातही वाटले नसते.

२०२३ च्या विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीस, मी त्या विद्यार्थिनीला शाळेत बोलाविले. व्याख्यान नको, मुलांना काही करून दाखव, असे सांगितले होते. तिने मैदानावर फक्कीने मोठा चौकोन आखला आणि तीस मुलांना आत उभे केले. हात पसरले तरी कोणाचा कोणाला स्पर्श होणार नाही, इतके अंतर. चौकोन पूर्ण भरलेला दिसत होता. “हे सुटे रेणू,” ती म्हणाली. मग शिट्टी वाजविली आणि प्रत्येकाने शेजाऱ्याच्या कोपरात कोपर अडकविला. पाहता पाहता सगळी गर्दी मध्यभागी सरकली आणि फक्कीच्या रेषेपाशी सगळीकडून जमीन मोकळी पडली. मुले हसत होती.

दुसऱ्या वेळी तिने चौकोनाच्या तीन बाजूंना खांब रोवून दोर बांधला आणि कडेच्या मुलांना सांगितले, एका हाताने दोर सोडायचा नाही. शिट्टी वाजली. आतली मुले जवळ येऊ लागली आणि कडेची मुले दोन्हीकडून ताणली गेली. कोणाचा दोर सुटला, कोणी खांबासकट वाकला. जी बाजू बिनदोराची होती, तेथली मुले मात्र सहज आत सरकली. तिने थांबवून समजाविले. दाढेवरचा खड्डा पेटीसारखा असतो. चार भिंती आणि तळ मिळून पाच बाजूंना द्रव्य चिकटलेले. मोकळी बाजू फक्त वरची. पाचास एक हे प्रमाण सर्वांत वाईट. १९८७ मध्ये हॉलंडच्या संशोधकांनी ते मोजून दाखविले. म्हणून समोरच्या दातावरचे पांढरे भरण तुलनेने निभावते आणि मुलांच्या दाढेतले दगा देते. यावर दंतवैद्य एक उपाय करतात. एकदम सगळे न भरता दोन-दोन मिलिमीटरचे थर देतात आणि प्रत्येक थर वेगळा कठीण करतात. निळा प्रकाश तेवढाच खोल नीट पोहोचतो, म्हणूनही हे आवश्यक आहे. थरांमुळे ताण खरोखर किती कमी होतो, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, हेही तिने मुलांपासून लपविले नाही.

तिसरा खेळ मला सर्वांत आवडला. या वेळी प्रत्येक मुलाने स्वतःचेच दोन्ही हात छातीशी धरून कडे केले. शिट्टीला आधी स्वतःचे कडे सोडायचे, हात लांब पसरायचे आणि मग फक्त बोटांनी शेजाऱ्याचे बोट धरायचे. चौकोन जवळजवळ पूर्वीएवढाच राहिला. कडे उघडताना जेवढी जागा मिळाली, ती जवळ येण्यात खर्च झाली आणि हिशेब बरोबरीत सुटला. १९७० च्या दशकात अमेरिकेत विल्यम बेली यांनी कठीण होताना फुगणारे असे काही रेणू घडविले होते. याच कल्पनेचे एक द्रव्य २००७ मध्ये बाजारात आले. त्याला सायलोरेन म्हणत. त्याचे आकसणे एक टक्क्याहून कमी होते.

“मग तेच का नाही वापरत, ताई?” एका मुलीने विचारले.

विद्यार्थिनीने सरळ सांगितले की कागदावर जिंकलेले ते द्रव्य तोंडात ठळकपणे जिंकले नाही. रुग्णांवरच्या चाचण्यांत ते जुन्या द्रव्यांहून सरस ठरल्याचे स्पष्ट दिसले नाही. त्याला स्वतंत्र चिकटवणारे द्रव लागायचे, आणि दात टिकणे हे एकट्या आकसण्यावर अवलंबून नसते. त्यानंतर कोलोरॅडोतील संशोधकांनी वेगळी दिशा धरली. रेणूंनी हात धरल्यावरही ताण आला की ते सोडून पुन्हा नव्याने धरता यावेत, अशी जुळणी त्यांनी केली. आकसणे राहते, पण ताण साठत नाही. ती सांगत होती तेव्हा मी मुलांकडे पाहत होते. कडेला दोर धरून उभा असलेला तो मुलगा आता नववीत होता. दाढ गेल्यावर मागची दाढ त्या मोकळ्या जागेत तिरकी झुकली होती, हे मला ठाऊक होते.

त्याने हात वर केला. “ताई, माझ्या दाढेला किती थर दिले होते?”

तिने माझ्याकडे पाहिले. मला सांगता येईना. त्या शिबिराची माझ्याकडे एकच नोंद होती. किती मुले तपासली, किती दात भरले, किती काढले, पाहुण्यांची नावे आणि एक छायाचित्र. कोणत्या मुलाचा कोणता दात, कोणते द्रव्य, किती थर, पुढे पाहणी केव्हा, यातले काहीही नव्हते. आमच्या दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, मराठी ताम्रपट मिळाला. व्यवहाराची नोंद साडेनऊशे वर्षे टिकावी, इतकी काळजी त्या लोकांनी घेतली होती. मी दरवर्षी तो धडा शिकविते. आणि माझ्याच हातून झालेल्या कामाचा चार वर्षांपूर्वीचा कागद माझ्यापाशी नव्हता. मुलासमोर मी तसे कबूल केले. तो “बरं, बाई” म्हणून खाली बसला.

त्यानंतर मी जे वाचले आणि विचारले, त्यातून माझे एक मत बनले आहे. ते तज्ज्ञाचे नाही. एका शिक्षिकेचे आहे. चांदीच्या भरणात पारा असतो, साधारण निम्मा. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे मासे खाऊन जगणाऱ्या माणसांची जी दैना झाली, तिच्या नावाने २०१३ मध्ये जागतिक करार झाला. भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. २०२२ मध्ये सदस्य देशांनी ठरविले की पंधरा वर्षांखालील मुलांच्या दातांत चांदी भरू नये. आम्ही किनाऱ्यावरची, मासे खाणारी माणसे. या निर्णयाला माझा विरोध कसा असेल? परंतु चांदीचा एक गुण होता. ती सोशिक होती. थोडी लाळ लागली, हात जरा घाईत असला, दिवा मंद असला, तरी ती वर्षानुवर्षे राहायची. पांढरे द्रव्य मानी आहे. त्याला कोरडे तोंड लागते, चांगला दिवा लागतो, थरांसाठी वेळ लागतो. शहरातल्या दवाखान्यात यांतले सगळे मिळते. एका दिवसात सगळे वसतिगृह संपवायचे असेल, तर यांतले काहीच मिळत नाही. म्हणून कमी आकसणाऱ्या द्रव्याचा शोध ही माझ्या दृष्टीने सौंदर्याची किंवा सोयीची बाब नाही. जे द्रव्य स्वतः कमी ताण देते, ते घाईच्या हातालाही थोडे सांभाळून घेईल. त्याची परीक्षा श्रीमंतांच्या दातांवर करून भागणार नाही.

दुसरी वाटही आहे. लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी १९७० च्या सुमारास काचेची पूड आणि आम्ल यांपासून एक सिमेंट केले. ते दिव्यावाचून कठीण होते, दाताला आपोआप चिकटते आणि फ्लोराइड सोडत राहते. आकसते तेही, पण सावकाश, आणि तोंडातले पाणी शोषून बराच ताण सैल होतो. १९८० च्या दशकात टांझानियात विजेवाचून, केवळ हातातल्या अवजारांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत विकसित झाली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. निसर्ग वादळानंतरच्या त्या अंधाऱ्या आठवड्यांत हे मला माहीत असते, तर निदान कोणाला काय विचारायचे ते कळले असते. हे सिमेंट झिजते लवकर, हा त्याचा दोष. दाढेच्या मोठ्या खड्ड्यात त्याच्यावर फार भार टाकता येत नाही.

गेल्या वर्षी शाळेत पुन्हा शिबिर झाले. संयोजन मीच मागून घेतले. आधी पत्रव्यवहार करून ठरविले की पहिल्या दिवशी फक्त तपासणी होईल. भरण्याचे काम चार वेगवेगळ्या शनिवारी, दर शनिवारी मोजकीच मुले. डॉक्टरबाई तरुण होत्या. मी थर, प्रकाशाचा वेळ, लाळ अडविण्याची पट्टी यांविषयी प्रश्न विचारू लागले, तेव्हा त्या थोड्या चकित झाल्या आणि मग हसून म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही नक्की इतिहासच शिकवता ना?” त्यांनी एकाही मुलाच्या बाबतीत घाई केली नाही. लहान खड्डे काचेच्या सिमेंटाने भरले. मोठे खड्डे पांढऱ्या लगद्याने, थरांनी.

दुसऱ्या शनिवारी सहावीतल्या एका मुलीची पाळी होती. डावीकडची खालची दाढ, तीच, सहाव्या वर्षाची. तिची आई नव्हती आली, फोनवर तिने विचारले, “बाई, टिकेल ना?” मी सांगितले की नीट भरत आहेत, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, सुटलेले दिसले तर लगेच दुरुस्त करू, आणि तोवर बिस्किटाचे पुडे घरून पाठवू नका. ती जरा वेळ गप्प राहिली. मग “बरं” म्हणाली.

मी खुर्चीजवळ नोंदवही घेऊन बसले होते. निळा प्रकाश लागला, विझला, पुन्हा लागला. मुलीने माझा हात धरला होता. मी दुसऱ्या हाताने लिहिले: नाव, इयत्ता, दात, तारीख, द्रव्य, थर तीन. पुढच्या पाहणीचा रकाना कोरा ठेवला आणि वही आपल्या त्या मुलाला दाखवायची म्हणून पिशवीत घातली. तो आता आयटीआयला जातो आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीने दिवेआगरला घरी येतो.